जुन्या वाड्याचे पर्यावरणपूरक नूतनीकरण : सुरुवात कोठून करावी?

प्रश्नकर्ता (वाई)

वाईतील आमचा वडिलोपार्जित दुमजली वाडा सुमारे दीडशे वर्षांचा आहे. जोते घडीव काळ्या दगडाचे, भिंती वीट-मातीच्या, खांब, तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचे छत) सागवानी, तर छपरावर मागाहून आलेली मंगलोरी कौले आहेत. वीसेक वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावर सिमेंटचा गिलावा केला गेला. तेव्हापासून माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा लागतो आणि पावसाळ्यात कुबट वास येतो.

भावंडांमध्ये दोन मते आहेत. काहींना वाटते की वाडा पाडून, हरित मानांकन मिळेल अशी नवी इमारत बांधावी. मला वाडा राखायचा आहे, परंतु वीज, पाणी आणि उन्हाळ्यातील उकाडा यांचाही विचार करायचा आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने यातला कोणता मार्ग खरोखर योग्य ठरेल, आणि वाडा राखायचा झाल्यास सौर पॅनेल, वातानुकूलन व ओल यांपैकी कोणत्या कामाला आधी हात घालावा?

प्रतिसाद १ (संवर्धन वास्तुविशारद, पुणे)

आधी ओल. बाकी सर्व त्यानंतर.

मातीत बांधलेली वीटभिंत जमिनीतील थोडा ओलावा नेहमीच वर ओढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने तो ओलावा भिंतीच्या दोन्ही अंगांनी वाळून जातो. सिमेंटचा थर ही वाट अडवतो, त्यामुळे पाणी आणखी वर चढते, त्याच्यासोबत आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साचतात आणि तोच आपण म्हणता तो लोणा. यातील सर्वांत गंभीर धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही : भिंतीत शिरलेली सागवानी तुळयांची टोके सतत दमट राहिली की कुजतात आणि तेथे वाळवी येते. म्हणून तुळयांच्या टोकांची तपासणी याच उन्हाळ्यात करून घ्यावी.

सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने, यंत्र न लावता, काढावा. आतील भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवावी. वर येणारे क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाकावेत. भिंत पाण्याने धुतल्यास तेच क्षार पुन्हा आत जातात. त्यानंतर कळीचा चुना नीट विरवून, काही आठवडे मुरवून, वाळू व सुरखी (विटांची पूड) घालून गिलावा करावा. आपल्याकडील जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि हिरड्याचे पाणी घालत असत. हे जाणणारे गवंडी आज थोडे उरले आहेत. परंतु वाई-सातारा परिसरात मंदिरांची कामे करणाऱ्यांकडे विचारणा केल्यास माणसे मिळतात.

पाडण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. सिमेंटसाठी लागणारे क्लिंकर (दळण्याआधीचे भाजीव खडे) सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजावे लागते आणि जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी साधारण ७ ते ८ टक्के उत्सर्जन या एका उद्योगातून होते. चुना सुमारे ९०० अंशांवर भाजला जातो. तेव्हा तोही हा वायू सोडतो, पण भिंतीवर घट्ट होताना त्यातला बराचसा पुन्हा शोषून घेतो. आपल्या वाड्यातील दगड, वीट आणि सागवान यांवरची ऊर्जा दीडशे वर्षांपूर्वीच खर्च झालेली आहे. ते सारे राडारोडा म्हणून फेकून नवे काँक्रीट ओतायचे आणि मग विजेच्या बचतीतून ती भरपाई करत बसायचे, या हिशेबाला हरित म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद २ (विद्युत अभियंता, नाशिक)

वरील क्रमाशी सहमत आहे. विजेपुरते लिहितो.

कौलारू छपरावर सौर पॅनेल बसवू नयेत. वजन, वाऱ्याने होणारी उचल आणि वासे-रिपांना पडणारी छिद्रे हे सर्व त्या सांगाड्याला झेपेलच असे नाही. परसात गोठा किंवा शेड असल्यास तेथे लोखंडी चौकट उभारावी. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे उदाहरण आपल्या भावंडांना सांगता येईल. १८८७-८८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या स्थानकाला २०२० मध्ये हरित इमारतीचे सुवर्ण मानांकन मिळाले. म्हणजे मानांकनासाठी जुने पाडावे लागत नाही.

पाण्याचा हिशेबही करावा. २०० चौरस मीटर छपरावर समजा ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे १ लाख १० हजार लिटर पाणी पन्हळींतून आडात सोडता येते. तोच पाऊस आज वळचणीखाली जोत्यालगत मुरत असेल, तर आपल्या ओलीचे एक कारण तेही असू शकते.

प्रतिसाद ३ (वाडामालक, सदाशिव पेठ)

चर्चेत राहणाऱ्या माणसांचा विचार थोडा कमी झाला असे वाटते. आमच्या भागातील वाडे प्रामुख्याने माणसे सोडून गेल्यामुळे ढासळले. बंद घरात फुटलेले एक कौल कोणी बदलत नाही आणि दोन पावसाळ्यांत कडीपाट खाली येतो. वृद्धांसाठी खालच्या मजल्यावर स्वच्छतागृह, जिन्याला कठडा आणि एखाद्या खोलीत वातानुकूलन यांना तत्त्व म्हणून विरोध करू नये. फक्त नव्या मोरीचे पाणी जुन्या भिंतीपासून दूर न्यावे. चौक मात्र कृपया पत्र्याने किंवा काचेने झाकू नका. तापलेली हवा वर निघून जाण्याची वाट तीच आहे. ती बंद केल्यावर आमच्या शेजारच्या वाड्यात प्रत्येक खोलीला यंत्र लावावे लागले.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही माजघराच्या एकाच भिंतीपासून सुरुवात करायचे ठरवले आहे आणि पन्हळी पावसाआधी बसवत आहोत. एक शंका उरते : भिंत उघडी असताना पावसाळा आला, तर ती झाकावी का?

प्रतिसाद १ (संवर्धन वास्तुविशारद, पुणे)

आतील भिंत झाकू नये. खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळू द्यावा. बाहेरील भिंतीला हात घातला असल्यास वळचणीपासून ताडपत्री सोडावी, मात्र भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, आणि पाऊस उघडताच ती गुंडाळावी. चुन्याचे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर हाती घ्यावे.