कूलंट कमी होतंय, पण खाली थेंबही नाही

बी-४०३: नमस्कार. तीन आठवड्यांत गाडीच्या कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी दोनदा 'मिन'च्या खाली गेली. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवते, सकाळी कोरडा ठणठणीत. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलं, इंजिन उघडावं लागेल. कोणाला अनुभव आहे का?

ए-१०२: इतक्यात उघडू देऊ नकोस. आधी प्रेशर टेस्ट करायला सांग. इंजिन थंड असताना टाकीच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात, साधारण १ बार, आणि १५-२० मिनिटं काटा बघतात. काटा उतरला की गळती आहेच. बारीक गळतीचं पाणी तापलेल्या इंजिनवर खाली पडायच्या आत उडून जातं, म्हणून पुठ्ठा कोरडा. मागे वाळलेला पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाचा थर राहतो. टॉर्च घेऊन होजच्या क्लॅम्पपाशी आणि वॉटर पंपाखाली बघ.

सी-३०१: काका, आमच्या गाडीत हीटर कोअर (डॅशबोर्डच्या आतला, हीटरसाठी गरम कूलंट फिरवणारा छोटा रेडिएटर) गळका निघाला होता. काच आतून सारखी धुरकट, पुसली की बोटाला चिकट लागायची. आणि गोडसर वास.

बी-४०३: अगं, तो वास मलाही येतो! हीटर लावला की. मला वाटलं फ्रेशनरचाच असेल.

ए-१०२: मग आज आधी पुढचा गालिचा उचल. ओल एसीच्या पाण्याचीही असते, म्हणून पांढऱ्या टिश्यूने टिपून बघ. एसीचं पाणी बिनरंगी, कूलंटचा रंग उतरतो.

बी-४०३: पण काका, गॅस्केट नाहीच हे कसं कळणार?

ए-१०२: ब्लॉक टेस्ट. गॅस्केट गेलं की इंजिनातला जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो. म्हणून टाकीतली हवा निळ्या द्रावणातून ओढतात. जळलेला वायू असला तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा टणक झाला, तरी संशय घ्यायचा. ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या फेसावरून मात्र निकाल देऊ नये. गाडी जवळच्याजवळ फिरत असली की नुसत्या दमटपणानेही तो धरतो.

डी-२०४: गरम असताना झाकण उघडू नका, वाफेचा फवारा थेट तोंडावर येतो. सांडलेलं कूलंट लगेच पुसून धुवा. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.

बी-४०३: गालिचा उचलला. डाव्या बाजूचा फोम चिंब, टिश्यू गुलाबी. माझं कूलंट गुलाबीच आहे. उद्या सकाळी गाडी थंड असतानाच प्रेशर टेस्टला नेते, काका.