घरातल्या माणसांना 'थँक्यू' म्हणावं का?

पोळपाट_लाटणं (धागाकर्ती):
परवा आजीनं ताट वाढल्यावर आमचा आठ वर्षांचा लेक "थँक्यू आजी" म्हणाला. सासूबाईंचा चेहराच उतरला. "मी काय खानावळीतली वाढपी आहे?" शाळेत सध्या कृतज्ञतेची वही करून घेतात, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. त्याचा हा परिणाम.

मी मुलाच्या बाजूची. आपल्याकडे आभारांची जागा एकच: कार्यक्रमाच्या शेवटी, लोक चपला शोधायला लागले की. तिथे मांडववाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतात. घरी तीस वर्षं तव्यापुढे उभ्या असलेल्या बाईला मात्र 'मीठ कमी आहे' एवढंच ऐकू येतं. तुम्हाला काय वाटतं?

खडूसकाका:
सपशेल असहमत. शब्द नाही म्हणजे भाव नाही, हे कुठलं लॉजिक? पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो. वारीत अनोळखी माणसं एकमेकांच्या पाया पडतात, 'माउली' म्हणतात. आमच्या गावी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला, जिथे जू टेकतं तिथे, हळद-तूप लावून शेकतात आणि त्याच्या कानात सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' याहून मोठं थँक्यू कुठलं?

आभार मानले की हिशेब मिटतो. घरात हिशेब नसतोच. तुमच्या सासूबाईंना नेमकं हेच लागलं.

पोळपाट_लाटणं:
काका, बैलाला वर्षातून एकदा तरी आवतण मिळतं. आईला कोणी दिलंय?

खडूसकाका:
हे वाक्य आमच्या हिनं वाचायच्या आत धागा बंद करा.

कसाराघाट:
मला दोघांचंही पटत नाही. गेल्या वर्षी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, फोन जमा, पूर्ण मौन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी साध्या वरणाची चव इतकी स्पष्ट लागली की मी घास तोंडात तसाच धरून बसले. इतकी वर्षं मी वरण मोबाइलसोबत गिळत होते. आपल्याला वाढणारे स्वतः आधी शिबिर केलेले, बिनपगारी. मौन असल्यामुळे त्यांना 'थँक्यू' म्हणायचीही सोय नाही. तरी काही अडलं नाही. समोर काय आहे त्याकडे लक्ष पाहिजे, शब्द मागाहून.

(घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी गीझर चालू ठेवला म्हणून नवऱ्यावर खेकसले, तो भाग वेगळा.)

बिनसाखरेचा:
कसाराघाट, एक भोचक प्रश्न. ते दहा दिवस तुमच्या घरी स्वयंपाक कोणी केला?

कसाराघाट:
जाऊबाईंनी. तुम्ही विचारलंत तेव्हा आत्ता आठवलं. त्यांना मी काहीच म्हटलेलं नाही.

बिनसाखरेचा:
म्हणून म्हणतो, शब्द लागतो. तुमचं लक्ष तुमच्या डोक्यात, जाऊबाईंना ते दिसणार कसं?

पण माझी तक्रार वेगळीच आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र आणि कृतज्ञतेचा सुविचार येतो. त्याच सोसायटीत कामवाल्या बायकांची लिफ्ट वेगळी, चहाचा कपही वेगळा. महिन्यात चार सुट्ट्या मागितल्या तर पगार कापतात. असल्या थँक्यूपेक्षा काकांचा बैल बरा.

खडूसकाका:
शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकी विचार करतोय.

(तासाभरानं) मघाशी चहा आल्यावर हिला 'थँक्यू' म्हणून पाहिलं. कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं तिनं.

कसाराघाट:
जाऊबाईंना फोन केला. आधी त्यांना वाटलं, पुन्हा शिबिराला निघालेय.

पोळपाट_लाटणं:
इकडची खबर. काल लेक थँक्यू म्हणाला नाही. आमटीचा भुरका मारून म्हणाला, "आजी, आज चिंच जास्त झालीय, आणि गूळ विसरलीस." मी डोळे वटारले. सासूबाई मात्र खूश. "बघ, लक्ष आहे पोराचं," म्हणाल्या आणि गुळाचा खडा आणायला उठल्या.