मदत हवी आहे: सव्वाशे धावकांपर्यंतची मॅरेथॉन कमी खर्चात कशी भरवावी?

नवखा संयोजक

आमच्या धावण्याच्या गटातर्फे पूर्ण मॅरेथॉन भरवायची आहे, म्हणजे ४२.१९५ किमीच. धावक जास्तीत जास्त १२०. प्रायोजक नाही आणि मिळेल अशी आशाही नाही, त्यामुळे जे काही व्हायचं ते प्रवेश शुल्कातूनच.

सध्याचा आराखडा असा: एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा मार्ग, ४२-२१-१०-५ अशी चार अंतरं, चिप टायमिंग (धावकाला लावलेल्या चिपने आपोआप वेळ नोंदणं), टी-शर्ट, पदक, जेवण. बेरीज केल्यावर शुल्क आवाक्याबाहेर जातंय. विचारायचं आहे ते असं:

१. कशाला कात्री लावावी आणि कशाला अजिबात हात लावू नये?
२. अंतर मोजायला जीपीएस घड्याळ चालेल का?
३. चिपशिवाय वेळ नोंदवता येते का?
४. पाणी किती लागेल?
५. वैद्यकीय सोय कमीत कमी काय हवी?

मंदगती

तुमचा खर्च टी-शर्टमुळे वाढलेला नाही, मार्गामुळे वाढलाय. सरळ ४२ किमीच्या मार्गावर दर पाच किमीला पाणी धरलं तरी आठ केंद्रं, प्रत्येक चौकात माणूस, लांबच लांब रस्त्याची परवानगी, सामान पोचवायला गाडी, धावकांना परत आणायला बस. हे सगळं १२० लोकांसाठी आणि १,२०० लोकांसाठी जवळपास तेवढंच लागतं. म्हणून छोट्या शर्यतीला सरळ मार्ग परवडत नाही.

फेऱ्यांचा मार्ग घ्या. साधारण सव्वापाच किमीची एक फेरी, अशा आठ. सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर. पाण्याची दोनच केंद्रं लागतील, एक रेषेपाशी आणि एक बरोबर समोरच्या बाजूला, म्हणजे धावकाला दर २.६ किमीला पाणी मिळतं. रुग्णवाहिका एकाच जागी उभी राहिली तरी कुठल्याही धावकापासून अडीच-पावणेतीन किमीच्या आत असते. सामान ठेवायची जागा, स्वच्छतागृह, वेळ नोंदणारं टेबल, सगळं एकाच ठिकाणी. चार फेऱ्या म्हणजे आपोआप अर्ध-मॅरेथॉन होते, त्यासाठी वेगळं काही आखावं लागत नाही. १० आणि ५ किमी मात्र रद्दच करा. प्रत्येक वाढीव अंतर म्हणजे नवी सुरुवात, वेगळे बिब (छातीवर लावायचे क्रमांक), वेगळी यादी आणि मार्गावर आणखी एक गोंधळ.

फेरी निवडताना एवढं बघा: रस्ता कमीत कमी तीन माणसं शेजारी धावतील इतका रुंद हवा, कारण तीन तासांत संपवणारा सहा तासवाल्याला चारदा मागे टाकतो. वळणं शक्यतो एकाच हाताला असावीत. मार्ग वाहतुकीचा रस्ता ओलांडत असेल तर ती जागा टाळाच. एका ओलांडणीवर दोन माणसं सात तास उभी करावी लागतात, शिवाय धोका तो वेगळाच.

गणितशत्रू

नाव काहीही असो, हिशोब सांगतो. खर्चाच्या दोन याद्या करा. ठोक खर्च: परवानगी, विमा, रुग्णवाहिका, मंडप, ध्वनिक्षेपक, स्वच्छतागृहं. दरडोई खर्च: बिब, पदक, पाणी, खाणं. शुल्क ठरवताना ठोक खर्चाला १२० ने भागू नका, ८० ने भागा. जागा भरतील या भरवशावर शुल्क ठरवलं की तूट येते, आणि ती संयोजकांच्या खिशातून जाते.

टी-शर्ट शुल्कात धरू नका. हवा त्याने नोंदणीच्या वेळीच मापासकट वेगळे पैसे भरावेत, एक तारीख ठरवून यादी बंद करावी. ‘थोडे जास्तीचे मागवून ठेवू’ यातूनच शेवटी नको त्या मापाचे गठ्ठे उरतात. पदक ठेवायचं असेल तर त्यावर वर्ष कोरू नका. वर्ष फितीवर छापा. उरलेली पदकं पुढच्या वेळी नव्या फितीने चालतात. जेवण काढून टाका, शेवटी केळी आणि काहीतरी खारट पुरे.

चाकोरी

प्रश्न २: नाही, चालणार नाही. घड्याळ थोड्या थोड्या वेळाने ठिकाण टिपतं, प्रत्येक टिपणात काही मीटर इकडेतिकडे होतात, आणि ही नागमोडी रेघ बहुधा खऱ्या अंतरापेक्षा लांब भरते. म्हणजे घड्याळ ४२.२ दाखवतं तेव्हा रस्ता बहुतेक वेळा कमीच असतो. मोठ्या शर्यतींनाही मोजमाप चुकल्याचा फटका बसलाय: इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटर कमी होता आणि धावकांच्या वेळा बाद धरल्या गेल्या.

मान्य पद्धत सायकलची आहे. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात, ते चाकाच्या एका फेऱ्यात साधारण साडेतेवीस आकडे मोजतं. पद्धत थोडक्यात:

आधी सरळ, सपाट रस्त्यावर पोलादी टेपने किमान ३०० मीटरची पट्टी आखा. फायबरचा टेप ताणला की लांबतो, तो नको. पोलादी टेप २० अंशाला बरोबर असतो. ३५ अंशाला ३०० मीटरमागे सुमारे ५ सेंटिमीटरचा फरक पडतो, तो हिशोबात धरा. या पट्टीवर सायकल चार वेळा चालवून आकडे लिहा, म्हणजे किती मीटरला किती आकडे पडतात ते कळतं, मग मार्ग मोजा, मग परत पट्टीवर चार वेळा. चाकातली हवा तापली की चाक फुगतं आणि तेवढ्याच अंतराला कमी आकडे पडतात, म्हणून आधीची आणि नंतरची दोन्ही मापं लागतात. दुपारी पट्टीवर माप घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात मार्ग आखला, तर मार्ग हमखास कमी भरतो.

धावक ज्या सर्वांत जवळच्या रेषेने जाऊ शकेल तीच रेषा सायकलने धरायची: वळणाला कडेपासून ३० सेंटिमीटर, आणि एका वळणाहून दुसऱ्याकडे थेट तिरपं. रस्त्याच्या मधोमध सायकल चालवलीत तर धावक आतून कापून जातील आणि अंतर कमी पडेल.

शेवटी ४२,१९५ मीटरला १.००१ ने गुणायचं. किलोमीटरमागे हा एक मीटर मुद्दाम वाढवतात, मोजणीतल्या बारीक चुकांनी मार्ग कमी पडू नये म्हणून. म्हणजे आखायचं अंतर ४२,२३७.२ मीटर, आठ फेऱ्यांत एक फेरी ५,२७९.६५ मीटर. फेरी इतकी नेमकी बसत नसेल तर फेरी थोडी छोटी ठेवा आणि उरलेलं अंतर सुरुवातीलाच एका जा-ये तुकड्यात भरून काढा. शेवटी नको, थकलेला माणूस तो तुकडा विसरतो.

काउंटर मिळाला नाही तर चाकाच्या व्हॉल्व्हपाशी खूण करून फेरे मोजा, उरलेला भाग आऱ्यांवरून. ३२ आऱ्यांच्या साधारण २.१ मीटर घेराच्या चाकात एक आरा म्हणजे साडेसहा सेंटिमीटर. फेरीला सुमारे अडीच हजार फेरे होतात, दोघांनी मोजा. हे प्रमाणपत्रासाठी चालत नाही, पण घड्याळापेक्षा कितीतरी बरं.

मंदगती

चाकोरी यांच्या प्रतिसादात एक भर. मोजमाप अचूक करूनही मार्ग चुकतो तो वळसा घ्यायच्या खुणेपाशी. २०१५ साली बँकॉकच्या मॅरेथॉनमधले अर्ध-मॅरेथॉनवाले २१ ऐवजी सुमारे २७ किमी धावले, कारण वळायची जागाच चुकली. ट्रॅफिक कोनवर भरवसा ठेवू नका, तो कोणीही सरकवतं. रस्त्यात खिळा ठोकून भोवती रंगाचं वर्तुळ काढा, जवळच्या खांबाच्या क्रमांकापासूनचं अंतर लिहून ठेवा, फोटो घ्या. शर्यतीच्या सकाळी कोन त्याच खिळ्यावर ठेवून तिथे माणूस उभा करा.

साडेतीनचा गजर

प्रश्न ३. १२० धावकांना चिप लागत नाही, पण कागद नीट आखलेला हवा.

फेऱ्या मोजायला एका माणसाकडे २० बिब. म्हणजे १२० जणांना सहा मोजणारे, प्रत्येकासमोर एकच चालू घड्याळ दिसलं पाहिजे. तक्त्यात डावीकडे बिब क्रमांक, पुढे आठ रकाने. रकान्यात बरोबरची खूण करू नका, घड्याळातली वेळ लिहा. कारण सांगतो. एखाद्या बिबसमोर ०:३३, १:०६, २:१३ असं दिसलं तर मधली एक फेरी लिहायची राहिली हे लगेच कळतं, कारण ३३-३३ मिनिटांनंतर एकदम ६७ मिनिटं आलीत. नुसत्या खुणा असत्या तर ‘मी धावलोय’ आणि ‘तुम्ही धावला नाहीत’ हा वाद मिटवायला हाती काहीच नसतं. उलट ६७ च्या जागी ९ मिनिटं दिसली तर कोणीतरी आतून कापलंय.

पहिली फेरी सर्वांत अवघड. सगळे साधारण २२ ते ४५ मिनिटांच्या दरम्यान येतात, म्हणजे सरासरी मिनिटाला पाच, आणि मधल्या घोळक्यात एकदम दहा-बारा. तेवढ्यापुरता रेषेवर मोबाईलचा व्हिडिओ चालू ठेवा, पडद्यात घड्याळ आणि बिब दोन्ही येतील असा. राहिलेले नंबर त्यातून भरता येतात.

शेवटच्या रेषेवर तिघं. एक जण प्रत्येक धावकाला घड्याळाचं बटण दाबणार, दुसरा येण्याच्या क्रमाने बिब लिहिणार, तिसरा दर दहाव्या धावकाचा बिब आणि वेळ दोन्ही एकत्र लिहिणार. हा तिसरा माणूस वाचवू नका. पहिल्याने चुकून एक बटण जास्त दाबलं तर तिथून पुढच्या प्रत्येकाची वेळ एकेक जागा सरकते, आणि ही तिसरी यादी नसेल तर चूक कुठे झाली ते सापडत नाही.

बिब साध्या कागदाचे नकोत, घामाने पिनेपाशी फाटतात. न फाटणारा कागद आणि न पसरणारी शाई घ्या. मागच्या बाजूला नाव, घरच्यांचा फोन, औषधं, ॲलर्जी. हे शर्यतीच्या आदल्या दिवशी बिब देतानाच तुमच्यासमोर भरून घ्या, नाहीतर निम्मे कोरे असतात.

उन्हाळपाखरू

पाणी. १२० धावक × आठ फेऱ्या × दोन केंद्रं = १,९२० वेळा कोणीतरी टेबलापाशी येणार. दर वेळी १५० मिलि धरा: २८८ लिटर. डोक्यावर ओतणं, सांडणं आणि स्वयंसेवक मिळून आणखी १३० लिटर. म्हणजे २० लिटरचे २१ जार. उन्हाळा असेल तर २६.

पाणी कमी पडतं ते एकूण हिशोब चुकल्यामुळे क्वचितच. पहिल्या तीन तासांत सढळ हाताने वाटलं जातं आणि पाच-सहा तास उन्हात असणाऱ्यांना रिकामे जार दिसतात. एक तृतीयांश जार वेगळे झाकून ठेवा, चार तास झाल्याशिवाय उघडायचे नाहीत. पेले आधीच भरून ठेवा, दोन तृतीयांशच. ऐनवेळी जारच्या तोटीखाली पेला धरून बसलात तर रांग लागते.

पेले टाळायचे असतील तर ‘स्वतःचा पेला किंवा बाटली आणा’ हा नियम करा, छोट्या शर्यतीत तो चालतो. पण तो नोंदणीच्या पानावरच ठळक हवा. बाटली भरायला तोटी नको, जग ठेवा, वेळ वाचतो.

आणि ‘प्रत्येक केंद्रावर प्यायलाच हवं’ असं ध्वनिक्षेपकावरून ओरडू नका. तहान लागेल तसं प्यायचं. सहा तास सतत पाणी पिणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं; बॉस्टन मॅरेथॉनच्या २००२ च्या धावकांपैकी ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांत ते कमी आढळलं. मळमळ, डोकेदुखी, सुजलेली बोटं आणि बरळणं दिसलं तर आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरकडे न्या.

अनामिका ४२

प्रश्न ५, आणि इथे काटकसर नको. मॅरेथॉनमध्ये हृदय बंद पडण्याचं प्रमाण लाखात एकाच्या आसपास आहे, म्हणजे १२० धावकांत शक्यता फार कमी. पण घडलं तर पहिली काही मिनिटंच हाताशी असतात. सीपीआरशिवाय (म्हणजे छाती दाबून रक्त खेळतं ठेवल्याशिवाय) विजेचा झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून एक एईडी (हा झटका देणारं यंत्र) रेषेपाशी, शक्य असेल तर दुसरं सायकलस्वाराकडे. सगळ्या स्वयंसेवकांना सीपीआरचा सराव आधीच्या आठवड्यात द्या.

उष्माघाताला ‘आधी थंड करा, मग हलवा’. गळ्यापर्यंत बसता येईल असा एक टब, पाणी आणि बर्फ तयार ठेवा. कपाळावरचं किंवा कानातलं तापमान धावकाच्या बाबतीत फसवं असतं. गुदमार्गाचं तापमान डॉक्टरांनीच घ्यायचं. ते ४० अंशांच्या वर आणि धावक गोंधळलेला असेल तर लगेच टबात, आणि सुमारे ३९ ला बाहेर. डब्ल्यूबीजीटी, म्हणजे दमटपणा आणि ऊन धरून काढलेलं तापमान, २८ च्या वर जाणार असेल तर शर्यत रद्द किंवा पुढे. हे नियमपत्रकात आधीच छापा, त्या सकाळी वाद घालायला वेळ नसतो.

नवखा संयोजक

सर्वांचे आभार. फेऱ्यांचा मार्ग नक्की करतोय, १० आणि ५ रद्द. दोन शंका: वेळमर्यादा किती ठेवावी? आणि स्वयंसेवक एकूण किती?

मंदगती

सात तास. फेरीला साडेबावन्न मिनिटं पडतात, किलोमीटरला १० मिनिटांना थोडी कमी. अट एकच ठेवा: आठवी फेरी ६ तास ८ मिनिटांच्या आत सुरू झाली पाहिजे. फेऱ्यांचा एक फायदा इथेही आहे, थांबवलेला माणूस रेषेपाशीच असतो, त्याला कुठून आणावं लागत नाही. सगळ्यांत मागे एक सायकल फिरती ठेवा. तिच्याकडे बिबची यादी असू दे. मध्येच सोडून घरी जाणारे कोणाला सांगत नाहीत आणि मग शेवटी ‘बिब ७३ कुठे आहे’ म्हणून शोधाशोध होते. सोडणाऱ्याने बिब टेबलावर परत दिल्याशिवाय सामानाची पिशवी द्यायची नाही, की हा प्रश्न सुटतो.

स्वयंसेवक: मोजणी ६, शेवटची रेषा ३, पाणी ३+३, वळणं आणि खुणा साधारण ६, सामान १, सायकल १. एका वेळी २३. सात तास कोणी उभं राहत नाही, म्हणून ४६ ची यादी करा, दोन पाळ्यांत. मोजणीवाल्यांची पाळी मात्र फेरी लिहून झाल्यावर, तक्ता समोरासमोर वाचूनच बदलायची.

साडेतीनचा गजर

आणि पेन नको, पेन्सिल. पहाटेच्या दवात कागद ओलसर झाला की बॉलपेन उमटत नाही.