प्रतिसाद: दगडावरचे साल आणि धर्मग्रामाचे वय

चर्चच्या दर्शनी भिंतीवर कोरलेले साल हेच त्या ग्रामीण धर्मग्रामाचेही (एका चर्चच्या व धर्मगुरूच्या देखरेखीखालील ख्रिस्ती समाजाचेही) वय मानावे, हे वरचे मत मला पटत नाही. ते साल पुष्कळदा शेवटच्या मोठ्या पुनर्बांधणीचे असते. वस्ती वाढली की सभामंडप पाडून लांबवला जाई, वेदीकडचा भाग मात्र बऱ्याचदा जुनाच राही. अशा सांध्यावर दगडांचे थर जुळत नाहीत, बोट फिरवले तरी फरक जाणवतो. त्याहून मोलाचा पुरावा चर्चच्या दप्तरात, म्हणजे जुन्या नोंदवह्यांत, असतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरूंना विवाहांची वही, वधूवर व साक्षीदारांच्या नावांसह, ठेवायला सांगितले, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या नोंदींचाही नमुना घालून दिला. वाळवी लागण्याआधी या वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, अशी कळकळीची विनंती आहे.