पद्मिनीला ‘फियाट’चा बिल्ला लावला की झाली का फियाट?

टिळकवाडीकर: काल एकानं लिहिलं, ‘फियाट, प्रेसिडेंट, पद्मिनी या जुन्या गाड्या सगळ्या एकच, बिल्ल्यावर भांडू नका.’ का भांडू नये? बॉडी तीच, इंजिन तेच १०८९ सीसी, मान्य. पण फियाटचं नाव गेल्यावर कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी प्रीमियर प्रेसिडेंट निघाली, मग १९७४ पासून पद्मिनी. आता ऐंशीनंतरच्या पद्मिनीला भंगारातला बिल्ला आणि क्रोम लावून ‘डिलाइट’, म्हणजे जुनी फियाट, म्हणून विकतात. घेणाऱ्यानं आधी आरसी आणि चासिस नंबर ताडून बघावा.

उद्यमबाग_गॅरेज: बघा की. पण इतकी वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीला मूळ बंपर आणायचा कुठून? आमच्या वडिलांची फियाट आंबोली घाटात तापायची, चाकाला दगड लावून थांबायचो. मिळेल तो पार्ट घातला म्हणून आज ती चालते. तुम्हाला शोकेस पाहिजे, आम्हाला गाडी पाहिजे.

टिळकवाडीकर: पार्ट घाला, कोण नको म्हणतंय? खोटं नाव सांगू नका, एवढंच.

निपाणीचा_प्रेसिडेंट: बिल्ल्याचं राहू द्या ओ. मामांची गाडी कोल्हापूरहून आणली. तिकडच्या आरटीओच्या एनओसीसाठी (ना हरकत दाखला) हेलपाटे, वर इकडचा कर्नाटकचा टॅक्स. निपाणीहून कोल्हापूर तासाभराचं, नातीगोती सगळी तिकडं, आणि एमएच-०९ हा कोल्हापूरचा नंबर बघितला की गाडी अडवतात!

खानापूर_रोड: बारा महिन्यांच्या वर गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो, कायदा देशभर एकच आहे. उगाच सीमाप्रश्न आणू नका.

निपाणीचा_प्रेसिडेंट: उगाच? महिन्यातून दोनदा लग्नाकार्याला तिकडून इकडं येणाऱ्यालाही थांबवतात, त्याचं काय? घरी बसून कायदा सांगणं सोपं आहे. मामांचा नंबर गेला, तो कोण परत देणार?

खानापूर_रोड: अडवणं चूक, एवढं मानतो. त्यापुढं नाही.

टिळकवाडीकर: नंबर जपायचा तर व्हिंटेज नोंदणी बघा. २०२१ चा केंद्राचा नियम आहे: पन्नास वर्षांवरची गाडी, आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर राहतो. नव्यानं नोंदवायची तर ‘व्हीए’ मालिकेतला नंबर आणि वीस हजार फी. अट अशी की चासिस, बॉडी, इंजिन मूळचंच पाहिजे. आता सांगा, ओरिजिनलला किंमत आहे की नाही?

उद्यमबाग_गॅरेज: त्यातच लिहिलंय की ती रोज रस्त्यावर आणायची नाही. मग घेऊन पूजा करू? माझ्या आईला दवाखान्यात त्याच गाडीतून नेतो.

टिळकवाडीकर: तुमच्यासाठी ती नोंदणी नाही, हे खरं. पण स्टिअरिंगवरचा गिअर काढून फ्लोअर गिअर टाकलात ना? विकताना तेवढं लिहा.

उद्यमबाग_गॅरेज: विकणारच नाही. विकली तर लिहीन, जा.

निपाणीचा_प्रेसिडेंट: माझ्या टॅक्सचं कोणी बोलेना.