लॉक नको, नोंदणी बदला
दादा, महापेच्या स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) दोघांनी एकदम फॉर्म भरला की तुमचं एएसपी डॉट नेट कोअर ॲप पडतं. त्यावर कुणीतरी लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप) सुचवलाय, तो लावू नका, दुखणं तिथे नाहीच. ॲडडीबीकॉन्टेक्स्टने कॉन्टेक्स्टची (डेटाबेसशी बोलणाऱ्या ऑब्जेक्टची) नोंदणी मुळात स्कोप्ड होते, म्हणजे दर रिक्वेस्टला नवा कॉन्टेक्स्ट. तुमची रिपोर्ट सर्व्हिस मात्र सिंगलटन, म्हणजे अख्ख्या ॲपसाठी एकच, आहे. तिने कन्स्ट्रक्टरमध्ये (तयार होताना) घेतलेला कॉन्टेक्स्ट ॲप बंद होईपर्यंत तिच्याकडेच अडकतो, आणि तो थ्रेडसेफ नसतो, म्हणजे दोघांनी एकदम वापरला की बिघडतो. सर्व्हिसची नोंदणी ॲडस्कोप्डने करा. बॅकग्राउंड सर्व्हिस (रिक्वेस्टशिवाय मागे चालणारी) असेल तर आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी घ्या आणि प्रत्येक फेरीला यूजिंगमध्ये (काम संपलं की आपोआप आवरणाऱ्या ब्लॉकमध्ये) क्रिएटस्कोप करून नवा स्कोप उघडा. व्हॅलिडेटस्कोप्स (स्कोप्ड गोष्ट सिंगलटनमध्ये अडकली का ते तपासणारं सेटिंग) फक्त डेव्हलपमेंटमध्ये आपोआप चालू असतं. स्टेजिंगवर ते हाताने ट्रू करा, ही चूक लगेच पकडली जाईल.