मदत हवी आहे : तपासण्या नॉर्मल आल्या, तरी छातीतली धडधड आणि नाडी बघत राहण्याची सवय जात नाही

नमस्कार.

माझे वय ४२ असून मी नाशिकला राहते. गेल्या सात महिन्यांत अनेकदा रात्री दोन-अडीचच्या सुमारास मला दचकून जाग आली आहे. छातीत धडधडते, घशात आवंढा अडकल्यासारखे होते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात आणि तळहात गार पडून घामेजतात. पहिल्या वेळी घरच्यांनी मला तातडीने रुग्णालयात नेले आणि ते योग्यच केले, कारण छातीतले दुखणे म्हणजे नुसते टेन्शन, असे घरच्या घरी ठरवून टाकू नये. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन असे सर्व अहवाल नॉर्मल आले.

त्यानंतर डॉक्टरांनी जे समजावले, ते मला पटले. भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढते, ठोके वाढतात आणि श्वास भराभर होऊ लागतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि त्यातूनच मुंग्या येतात, डोके हलके होते. म्हणजे दम कोंडतो आहे असे वाटत असताना प्रत्यक्षात मी जास्तच श्वास घेत असते. तेव्हापासून चार आकडे मोजत नाकाने श्वास घेऊन सहा आकडे मोजत सोडते, संध्याकाळचा चहा बंद केला आहे, आणि ही लाट बहुतेक वेळा दहा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागते, हे घड्याळ समोर ठेवून पाहिले आहे.

माझी खरी अडचण यापुढची आहे. उशीशी ऑक्सिमीटर असतो आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा मी त्यात बोट घालते. ऑक्सिजन ९८ दिसला तरी नजर नाडीच्या आकड्यावर जाते. तो ८८ असला तर पुन्हा बघते, तोवर ९६ झालेला असतो आणि तो वाढला म्हणून धडधड आणखी वाढते. भाजी चिरतानाही विळी बाजूला सारून मनगट धरते. परवा माझी नऊ वर्षांची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "आई, आता किती आले?" ते ऐकल्यापासून मला राहवत नाही.

'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलले आणि त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे, त्यामुळे कृपया औषधांची नावे सुचवू नयेत. सीबीटीमध्ये (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याच्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचारात) मुद्दाम जिने चढायला लावून धडधडीची सवय करून देतात, असे वाचले. कोणी ते केले असल्यास सुरुवातीचे दिवस कसे गेले, हे सविस्तर लिहावे. आणि ज्यांची सतत नाडी तपासण्याची सवय सुटली, त्यांनी ती एकदम सोडली की वेळा ठरवून हळूहळू कमी केली? ऑक्सिमीटर यजमानांकडे देऊन टाकावा असे मनात आहे, पण मध्यरात्री तो हाताशी नसला तर भीती वाढेल का, हे अनुभवी माणसांकडून समजून घ्यायचे आहे.